गोळीपुढची प्रार्थना

खोकला उपवासकाळात सुरू झाला, त्यामुळे तो कुणी फारसा मनावर घेतला नाही. मीही नाही. ईस्टरच्या आधीचे ते आठवडे आमच्या चर्चच्या मंडळीत फार धावपळीचे असतात. गायनाचा सराव, दर शुक्रवारी उपवास आणि प्रार्थना, महिला मंडळाच्या बायकांना घेऊन आजाऱ्यांच्या भेटी, रविवारी उपासनेआधी मुलांची शाळा. यातलं जवळजवळ सगळं माझ्याकडे होतं. एरवी मी गारखेड्यातल्या एका शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते, म्हणजे घसा बसण्यात मला नवीन काही नव्हतं. खडूची धूळ असेल, एवढंच मनात आलं.

वजन उतरत होतं. ब्लाऊज सैल झाले तसे मी ते बाजूनं आत घेतले. मंडळातल्या बायका म्हणायच्या, "विमलताई, उपवास मानवला बघा तुम्हाला. चेहऱ्यावर तेज आलंय." ते तेज संध्याकाळच्या तापाचं होतं, हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही.

आता बरी झाल्यावर हे लिहायला बसले आहे. आजाराची माहिती डॉक्टर माझ्यापेक्षा चांगली देतील. माझ्या घरात आणि माझ्या प्रार्थनेत त्या काळात काय काय झालं, तेवढं मी सांगू शकते. ज्यांच्या हातात नुकताच तपासणीचा तो कागद पडला असेल, त्यांच्यासाठी.

रुमाल

गुरुवारी गायनाचा सराव होता. शेवटच्या कडव्याला सूर लांबवायचा होता. तो अर्ध्यातच तुटला आणि खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. लीलाकाकू माझी पाठ चोळत उभ्या राहिल्या. काकू आमच्या प्रार्थनागटाच्या प्रमुख. लग्न होऊन मी या शहरात आले तेव्हा मला हाताला धरून महिला मंडळात नेलं ते त्यांनीच. "पाणी पी, पाणी पी," त्या म्हणत होत्या. मी रुमाल तोंडावरून काढला तर त्यावर लाल रेघ होती. कुणाला दिसायच्या आत मी तो पर्समध्ये टाकला.

घरी तो आमच्या ह्यांना सापडला. हे वाळूजच्या एका कारखान्यात मशिनांची देखभाल बघतात. मुळात कमी बोलतात. देवळात, म्हणजे चर्चला, येतात, पण मागच्या बाकावर बसतात आणि आशीर्वाद झाला की आधी बाहेर पडतात. धुण्याचे कपडे गोळा करता करता ते रुमाल हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"हे कधीपासून?"

"आजच."

"उद्या दवाखान्यात जायचं."

"उद्या शुक्रवार आहे. प्रार्थना माझ्याकडं आहे, बायका येतील..."

"विमल," ते म्हणाले. मी गॅस बंद केला.

त्या दिवशी

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे खिडकीकडं धरला. उजव्या बाजूला खालचा भाग पांढरा भरलेला दिसत होता. त्यांचं वय माझ्या प्रेरणाएवढंच असेल. प्रेरणा म्हणजे माझी एकुलती मुलगी. जालन्याला दिलेली.

"टीबी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "थुंकीत जंतू सापडलेत. फुप्फुसाच्या बाहेर पाणीही झालंय, ते काढावं लागेल. औषधं पूर्ण घेतली की हा आजार बरा होतो, बरं का. काही विचारायचंय?"

मला रडू आलं नाही. मनात आधी वर्गातली मुलं आली, मग रविवारच्या शाळेतली, मग प्रभुभोजनाचा तो एकच प्याला, जो आम्ही सगळे ओठांना लावतो. मी विचारलं, "माझ्या हाताखाली मुलं आहेत. त्यांचं काय?"

"तपासून घेऊ सगळ्यांना. तुम्ही मास्क लावा आणि घरी वेगळ्या खोलीत राहा. घरात कोण कोण आहे?"

"आम्ही दोघंच," हे म्हणाले. त्या लिहायला लागल्या तसे म्हणाले, "मुलगी बाळंतपणाला यायचीय. पहिलंच आहे."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "सध्या नाही आणता येणार तिला."

बाहेरच्या वऱ्हांड्यातून मी प्रेरणाला फोन लावला. ती आनंदात होती. "मम्मी, रविवारी निघू का? ह्यांना सुट्टी आहे." मी सांगितलं. मग ती अगदी हळू म्हणाली, "मागच्या महिन्यात मी तुझ्याच शेजारी झोपले होते ना गं?"

आजारपणातलं सगळ्यात जड वाक्य कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. तिची तपासणी जालन्यातच झाली. काही निघालं नाही. पण निकाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मला नीट आठवतसुद्धा नाही.

ठकूबाई

पाणी काढण्यासाठी मला भरती करून घेतलं. टेबलावर उशी, उशीवर डोकं, आणि पाठीतून सुई. पाणी करडईच्या तेलासारखं पिवळं होतं. दुखण्यापेक्षा ते बाटलीत उतरताना बघण्याची भीती जास्त वाटली. संपलं तेव्हा मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला आणि आपण किती दिवस अर्ध्या श्वासावर चाललो होतो ते समजलं.

वॉर्डचं एक वेळापत्रक असतं आणि माणूस त्याच्या आत लवकर मावतो. पहाटे झाडूचा आवाज, मग तापमान, मग उपाशीपोटी गोळ्या, मग चहाची किटली. खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या, पंखे असोत नसोत. दुपारी नातेवाईक जिन्यावर डबे घेऊन बसत. ह्यांनी पहिल्या दिवशी आणलेली भाकरी एका बाजूनं जळालेली होती. मी ती सगळी खाल्ली.

माझ्या शेजारच्या खाटेवर पिशोरची ठकूबाई होती. धनगराची बाई, मेंढरं राखणारी. हाडं आणि डोळे, एवढंच उरलेलं. पण आवाज खणखणीत.

"तुझं पयल्यांदाच हाय का बाई?"

"हो."

"माझं दुसऱ्यांदा. म्या बी घेतल्या व्हत्या गोळ्या. दोन म्हयन्यात टणटणीत झाले. मंग मेंढरं घिऊन रानात गेले आन् गोळ्या ऱ्हायल्या घरी. म्हनलं, आता कशाला?" तिला खोकला आला, तो संपेपर्यंत ती थांबली. "आता लई मोठ्या गोळ्या देत्यात. लई दिस."

"कुणी सांगितलं नव्हतं, पूर्ण घ्यायच्या म्हणून?"

"सांगितलं की. देवाचं बी केलं व्हतं. पर देवानं काय गोळ्या सोड म्हून सांगितलं नव्हतं. म्याच सोडल्या."

एकदा मी डोळे मिटून ओठ हलवत होते. तिनं विचारलं, "काय पुटपुटतीस?"

"प्रार्थना करते."

"मंग माझ्यासाठी बी कर. नाव नीट सांग बरं, ठकूबाई, पिशोरची. नायतर दुसऱ्याच ठकूबाईला जाईल."

मी खूप दिवसांनी हसले, आणि हसताना सुईची जागा दुखली. मी तिचं नाव नीट सांगितलं, गावासकट.

घर

घरी आल्यावर मागची खोली माझी झाली. ताट वेगळं ठेवायची गरज नाही असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, तरी मीच वेगळं ठेवलं. हे कामावरून येऊन स्वयंपाक करत. नळाला पाणी येण्याच्या दिवशी ड्रम, बादल्या, हंडे एकटे भरत. मी दाराआडून ऐकत पडून राहायची. सुरुवातीला मी आतून सूचना देत असे, मीठ कुठं आहे, पीठ कुठं आहे. एकदा ते दाराशी आले आणि म्हणाले, "मला माहीत आहे. बऱ्याच वर्षांपासून संध्याकाळी मी एकटाच जेवतो की."

आवाज शांत होता. टोमणा मारला असता तर मी उलटून बोलले असते. हे नुसतं खरं होतं. मी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थनेला असायची. प्रत्येक घरात त्या वेळी गरज असायची, आणि मी गेले याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण माझ्या घराचं नाव त्या फेरीत कधी आलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती, जी मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. मला प्रार्थना करता येईना. पवित्र शास्त्र उघडलं की अक्षरं हलायची, दोन ओळींनंतर डोळा लागायचा. दुसऱ्यांच्या उशाशी बसून घडाघडा प्रार्थना करणारी मी, स्वतःच्या उशाशी "प्रभू" एवढं म्हणून थांबत होते. मला वाटायचं, इतकी वर्षं जे होतं ते बळ माझ्या पायांतलं होतं की विश्वासातलं?

आमच्या देवळाचे पाळकसाहेब भेटायला आले तेव्हा उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसले. ह्यांच्याशी पाण्याच्या टँकरबद्दल बोलले, शहागंजातल्या मोसंब्यांच्या भावाबद्दल बोलले. ते निघाले तेव्हा मी सांगितलंच, प्रार्थना करता येत नाही म्हणून.

"मग करू नका काही दिवस," ते म्हणाले. "मंडळी करतेय तुमच्यासाठी. तुम्ही झोपा."

एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. त्या दुपारी मी झोपले ती संध्याकाळी कुकरच्या शिट्टीनं उठले.

पिवळे डोळे

दुसरा महिना संपत आला तेव्हा ऊन कडक झालं होतं. अन्न समोर आलं की मळमळायचं. मला वाटलं उन्हाळा. हे चहा घेऊन आले, माझ्याकडं बघून म्हणाले, "डोळे पिवळे दिसतायत." कावीळ होती. गोळ्यांचा यकृतावर परिणाम झाला होता. डॉक्टरबाईंनी सगळ्या गोळ्या बंद केल्या आणि सांगितलं, रक्त सुधारलं की एकेक करून परत सुरू करू. असं काही जणांना होतं, घाबरू नका.

ते मधले दिवस विचित्र गेले. गोळ्या नाहीत म्हणून भूक परतली, तोंडाला चव आली. मला बरं वाटू लागलं. आणि नेमक्या तेव्हा लीलाकाकू आल्या.

त्या येत तेव्हा डब्यात काहीतरी असायचंच. त्या दिवशी ज्वारीच्या कण्या होत्या, ताकातल्या. मास्क लावून त्या खिडकीपाशी बसल्या.

"विमल, मी तीन दिवस उपवास धरून विचारतेय प्रभूला. डॉक्टरांनीच बंद केल्या ना गोळ्या? मग परत कशाला सुरू करायच्या? ही खूण आहे बघ. तू विश्वासानं सोड. आपण पुढच्या रविवारी देवळात सगळ्यांसमोर साक्ष देऊ, प्रभूनं बरं केलं म्हणून."

"काकू, डॉक्टरबाई म्हणतात..."

"माझ्या माणसाला काय कमी औषधं दिली?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "नळ्या लावल्या, सुया टोचल्या. मला त्यांचा हात धरून प्रार्थना करायची होती शेवटी. तर मला बाहेर काढलं. दार लावून घेतलं. मी बाहेर उभी राहिले आणि ते आत गेले, विमल."

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्यांचं ऐकायचंही होतं. परत ती मळमळ नको होती. आणि दुसरं म्हणजे, गोळी घेतली तर आपला विश्वास कमी पडला असं होईल का, ही भीती माझ्या मनात होतीच. काकूंनी ती फक्त मोठ्यानं म्हणून दाखवली.

त्या गेल्यावर हे स्वयंपाकघरातून आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तुला त्यांचं ऐकायचं असेल तर ऐक," ते म्हणाले. "पण मग प्रेरणाला काय सांगायचं ते तू सांग मला. आजी कधी भेटणार म्हणून बाळानं विचारलं तर काय सांगायचं, तेही सांग."

"ओरडू नका."

"मी ओरडत नाहीये," ते ओरडले. आणि डबा न घेताच कामावर निघून गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं ते कधी गेले नव्हते.

संध्याकाळी पाळकसाहेब आले. मला वाटलं काकूंनी पाठवलं. नंतर कळलं, ह्यांनी कारखान्यातून फोन केला होता. ह्यांनी! पाळकसाहेब म्हणाले, "गोळीचं डॉक्टर सांगतील, ते माझं काम नाही. मी स्वतः रक्तदाबाची गोळी घेऊन उपदेशाला उभा राहतो. नाहीतर भोवळ येऊन पहिल्या बाकावर पडेन." मग गंभीर होऊन म्हणाले, "तुमचा विश्वास किती आहे याची परीक्षा कुणी घेत नाहीये, विमलबाई. तुम्ही आजारी आहात. एवढंच आहे."

रक्ताचा अहवाल चांगला आला. पहिली गोळी परत सुरू करायची ती सकाळ आली. हे कामावर जायच्या तयारीत होते, पण रेंगाळत होते. मी खाटेवर बसून गोळी तळहातावर घेतली. मला पिशोरची ठकूबाई आठवली, देवानं काय गोळ्या सोड म्हून सांगितलं नव्हतं म्हणणारी. आणि मग एक अगदी साधी गोष्ट सुचली. आम्ही जेवायला बसतो तेव्हा ताटावर हात जोडतो. भाकरीबद्दल आभार मानतो. आभार मानून ताट सरकवत नाही, जेवतो. ती भाकरी कुणी शेतात पिकवलेली, कुणी दळलेली, आणि तरी ती प्रभूनं दिलेली असते. यात आम्हाला कधी अडचण वाटली नाही. मग गोळीतच का वाटावी?

मी डोळे मिटले. कित्येक आठवड्यांनी पूर्ण वाक्य आलं. "प्रभू, ही गोळी तू दिलीस, आभार." गोळी गिळली, वर पाणी प्यायले.

दारातून हे म्हणाले, "आमेन." आणि बूट घालायला गेले.

लीलाकाकूंना मी फोन करून सांगितलं, मी सुरू केल्या. त्या "बरं" म्हणाल्या. मग काही दिवस आल्या नाहीत. मग आल्या. डबा होता. त्या विषयावर आम्ही दोघीही बोललो नाही.

जालना

गोळ्या सगळ्या परत सुरू झाल्या, एकेक करून. थुंकीची तपासणी पुन्हा केली, त्यात जंतू दिसले नाहीत. तरी डॉक्टरबाईंनी बाळ येईपर्यंत थांबायला लावलं आणि आणखी एकदा तपासून मगच जालन्याला जायची परवानगी दिली. मी त्यांना दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "मावशी, जा आता."

प्रेरणाचं बाळंतपण तिच्या सासूबाईंनी केलं. मी गेले तेव्हा मनात थोडी चोरटी भावना होती, आपलं काम दुसरीनं केल्याची. सासूबाईंनी दारातच माझ्या हातात मुलगी दिली. मी मास्कच्या वरून तिच्याकडं बघत राहिले. तिनं जांभई दिली. प्रेरणा खाटेवरून म्हणाली, "मम्मी, बस ना, उभी काय राहिलीस?" मी बसले. दुपारभर बसूनच होते. कुठं जायचं नव्हतं.

आता

औषधांचा काळ काविळीमुळं लांबला, पण संपला. शाळेत मी परत जाते. मुलांच्या तपासणीत कुणाला काही निघालं नाही, याबद्दल मी रोज आभार मानते. मंडळीत सगळ्यांना वाटलं, विमलताई परत सगळं हातात घेतील. मी मुलांची शाळा ठेवली, कारण ती मला आवडते. गायनगट दुसऱ्या एकीकडं दिला, तो आता माझ्यापेक्षा चांगला गातो. भेटींना जाते, पण संध्याकाळचं जेवण आम्ही दोघं एकत्र जेवतो, आणि औषधाच्या काळात डॉक्टरबाईंनी मना केलेला शुक्रवारचा उपवास मी अजून धरलेला नाही. पुढं धरेनही. घाई नाही. सगळं जमलंय असं मुळीच नाही. कधी कधी एखाद्या घरून फोन येतो आणि माझे पाय आधी उठतात, डोकं नंतर.

कापणीच्या सणाला पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. मी काही लिहून नेलं नव्हतं. म्हटलं, "मला टीबी झाला होता." हा शब्द आमच्याकडं असा मोठ्यानं कुणी म्हणत नाही. "प्रभूनं मला बरं केलं. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेऊन. तुमच्यापैकी कुणाला खोकला असेल तर माझ्याकडं या, मी बरोबर येईन." आणि खाली बसले.

उपासना संपल्यावर अंगणात लोकांनी सणाला वाहिलेला ऊस, भोपळे, मक्याची कणसं यांचा लिलाव चालू झाला. त्या गोंधळात लीलाकाकू माझ्याजवळ आल्या. इकडं तिकडं बघितलं.

"खोकला नाही मला," त्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "जिना चढताना इथं दुखतं. बरेच दिवस झाले. कुणाला सांगितलं नाही."

"उद्या जाऊ," मी म्हटलं.

"मला आत एकटीला सोडायचं नाही."

"नाही सोडणार."

काय निघालं ते सांगून टाकते. हृदयाच्या नळीत थोडा अडथळा होता, वेळेत कळला. काकू आता गोळ्या घेतात आणि त्यांच्याबद्दल तक्रारीही करतात. पण माझ्या मनात राहिलाय तो त्या सोमवारचा बाक. बाह्यरुग्ण विभागात ही गर्दी होती. कुणाचं मूल रडत होतं, कुणी रांगेवरून भांडत होतं. मी केसपेपर काढून आणला तेव्हा काकू पदर डोक्यावर घेऊन डोळे मिटून बसल्या होत्या, ओठ हलत होते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात धरला. थंडगार होता.

शिपायानं त्यांचं नाव पुकारलं. काकूंना ऐकू गेलं नाही. त्यानं परत पुकारलं. मी त्याला हातानं खूण केली, आलोच.

काकूंनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं. मग आम्ही दोघी उठलो आणि आत गेलो.